चोरओटी घेऊन निघू नका

जानेफळ, शनिवार,
दुपारची जेवणं आटोपून

ती. बेबीताई वन्सं,

तुमच्या पायांवर या पद्मजाचं डोकं. (गुडघे वाकेनासे झाल्यापासून नमस्कार पत्रातूनच बरा पडतो. समोर आले की कमरेपर्यंत वाकते, उरलेला तुम्ही पदरात घ्यावा.) तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला, की डॉक्टर अजून थांबाच म्हणून राहिले आहेत? दीपकचं दुकान बरं चाललं असेल. तुमची सून सकाळी मेथीचं पाणी देते की विसरते? विसरत असेल तर मागून घ्या, स्वतःच्या मुलाच्या घरात भीड कसली? इकडे ह्यांची, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाची, नीळकंठरावांची साखर दोनशेच्या आत आहे. ती आत कशी राहते हे मला कळत नाही, कारण शाळेतून रिटायर झाल्यापासून माणूस दिवसभर काही ना काही चघळतच असतो. माझं म्हणाल तर मी जिवंत आहे. त्याहून जास्त काही परवापासून सांगता येत नाही. अहो, मी हादरलेय. दोन दिवस झाले, चहात साखर घालते आणि घातली का म्हणून पुन्हा घालते.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली? वन्सं, रागावू नका, पण तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि तुम्ही कायम ओट्यावर. मागे मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीबद्दल चार शब्द सांगितले, तर पंधरा दिवसांनी एका लग्नात तुमच्या गल्लीतल्या अनोळखी गृहस्थांनी मला गाठून सुरण खायला सांगितलं. पंगतीत! आणि घरच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे सत्तावन्न माणसं, त्यातली निम्मी मी लग्नात अक्षता टाकताना पाहिलेली. म्हणून हे पत्र. पाकिटाला खळ लावून वर दोन पिना मारीन, आणि हे झोपलेत तोवर पोस्टात टाकून येणार आहे.

तर त्याच ग्रुपवर गुरुवारी ह्यांनी जे चित्र टाकलं (पाळणा, त्यात निळ्या डोळ्यांचं गुटगुटीत बाळ, आणि खाली ‘लवकरच येत आहे’, जसं काही सिनेमाच लागणार आहे), ते पाहून येत्या गुरुवारी तुम्ही इराची चोरओटी भरायला इकडे निघणार असल्याचं दीपकने कळवलं. तिसऱ्या महिन्यात कुणाला न कळवता गुपचूप भरायची ती चोरओटी, आणि इथे सत्तावन्न जणांना आधीच ठाऊक, हे आपल्याच घरात होऊ जाणे! पण वन्सं, हात जोडते, हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हिरवी साडी पेटीबाहेर काढू नका. आमच्या सूनबाईला दिवस गेलेले नाहीत. तुम्ही ओटी घेऊन दारात उभ्या राहिलात तर ती पोरगी काय करेल, याचा विचारही करवत नाही. हे सगळं माझ्या जिभेमुळे झालं, आणि त्या जिभेला वळण लावलं तुमच्या आईंनी, म्हणून तुम्हालाच सांगणं भाग आहे.

आईंची शिस्त तुम्ही माझ्याआधी भोगलीत. घरात कुणी ‘अमुक आहे का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणायचं नाही, कारण वास्तू वरून तथास्तु म्हणत असते. तांदळाचा डबा खडखडीत झाला तरी तांदूळ भरपूर आहेत. कुंकू संपलं तर वाढलं, बांगडी फुटली तर वाढली, दिवासुद्धा वाढवायचा. लग्न होऊन आल्या आल्या मी एकदा चुकून ‘तेल नाही’ म्हणाले, तर आईंनी मला देवापुढे साखर ठेवून तीनदा ‘तेल भरपूर आहे’ म्हणायला लावलं होतं. तेव्हापासून सदतीस वर्षं झाली. एरवी भांडताना मी ‘नाही’ शंभरदा म्हणेन (ह्यांना विचारा), पण ‘आहे का?’ ऐकलं की तोंडातून ‘आहे हो, भरपूर आहे’ हेच बाहेर पडतं, डोक्याला विचारायलाही जात नाही. त्याची फळंही भोगली. मागच्या वर्षी गॅसवाल्याने फाटकातून ओरडून विचारलं, काकू, टाकीत गॅस हाय का? मी आतून म्हटलं, भरपूर आहे. तो निघून गेला, आणि आम्ही चार दिवस अंगणात तीन विटा मांडून भाकऱ्या थापल्या.

दुसरं एक वळण मात्र माझं मीच लावून घेतलेलं, आणि त्याचा मला फार गर्व होता. (होता. पुढे वाचा.) आल्हादचं लग्न होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी इराला एकदाही, अगदी एकदाही, ‘काही विशेष?’ म्हणून विचारलं नाही. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिच्या पोटाकडे पाहून घ्यायच्या आणि मग माझ्याकडे पाहायच्या. मी पानसुपारीचं तबक पुढे करायची. भजनी मंडळात मी छाती पुढे काढून सांगायची की बायांनो, सासू असावी तर अशी, सुनेच्या आयुष्यात नाक म्हणून खुपसत नाही. आम्ही दोघी वांग्याच्या भावापासून तिच्या शाळेतल्या खिचडीपर्यंत सगळं बोलायचो, पण तो एक विषय आला की मी उठून कढीला फोडणी द्यायची. कढी आधीच फोडणी दिलेली असली तरी.

आता गुरुवारचं. इरा सकाळी स्कूटीवरून शाळेत निघाली आणि गावाबाहेर तुरीच्या वावरातून रोही उडी मारून आडवा आला. हे रोही म्हणजे नीलगायी, घोड्याएवढं धूड. पीक खातात ते खातात, वर रस्त्यावर माणसांना लोळवतात. इरा पडली उजव्या मनगटावर. पडली तर पडली, आरडाओरडा करावा, चार माणसं गोळा करावीत? ही बया उठली, स्कूटी उभी केली, शाळेत गेली, डाव्या हाताने पोरांची हजेरी मांडली आणि मग ह्यांना फोन केला की बाबा, वेळ असेल तर याल का? मनगट भरल्या वांग्यासारखं टम्म. (ही अशी गप्प सोसणारी आहे हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.) आल्हाद वीज कंपनीच्या कामाला खामगावला, म्हणून शेजारच्या राजकुमारची गाडी सांगून आम्ही तिघं मेहकरला गेलो. हाडाच्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, आधी फोटो काढून आणा.

फोटोच्या ठिकाणी जत्रा. कुणाची छाती, कुणाचा खुबा. हे पेपर घेऊन बाहेर लिंबाखाली बसले, कारण ह्यांना दवाखान्याचा वास सहन होत नाही. इरा बाकावर, ओढणीत हात अडकवलेला, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. तिच्या शेजारी साखरखेर्ड्याच्या वच्छलाबाई म्हणून एक भारदस्त बाई गुडघ्याचा फोटो काढायला आलेल्या. मी चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी. इतक्यात आतून एक्स-रेवाला बाहेर आला, चांगला तिशीतला, दाढीवाला, बोटात अंगठी, म्हणजे लग्न झालेला माणूस. त्याने चिठ्ठी वाचली आणि वीस-पंचवीस माणसांच्या डोक्यावरून, बस सुटताना गावं पुकारतात त्या आवाजात विचारलं, "इरा मॅडम कोन हाय? प्रेग्नंट हायेत का? चान्स हाय का काही?"

वन्सं, माझ्या कानातून वाफ निघाली! जो प्रश्न मी चार वर्षं दाताखाली धरून ठेवला, ज्याच्यासाठी मी दोन-दोनदा कढी फोडणीला टाकली, तो हा माणूस पहिल्या मिनिटाला, चपला सरकवता सरकवता, सगळ्या मेहकरला ऐकू जाईल असा विचारून राहिला होता! पुरुष माणूस! तिथे एका म्हाताऱ्याने कानटोपी वर केली, उत्तर नीट ऐकू यावं म्हणून. माझ्या हातातली चिठ्ठी चुरगळली, आणि तो माझ्याकडे पाहून पुन्हा म्हणाला, "काकू, हाय का चान्स?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "आहे हो. भरपूर आहे."

शपथेवर सांगते, मी बोलले नाही, ते बोललं गेलं. सुनेच्या पदरात काही आहे का, असं कुणी विचारतंय आणि मी तिच्या सासूने नाही म्हणायचं? तेही गुरुवारी? जीभच धजावली नाही. मला वाटलं तो पुढे जाईल, फोटो काढेल, विषय संपेल. पण हा प्रश्न ते उगीच विचारत नाहीत, वन्सं, हे मला तिथे कळलं. पोटात बाळ असलं तर त्या मशीनच्या किरणांनी त्याला अपाय होऊ नये, म्हणून वयात आलेल्या कुठल्याही बाईला विचारूनच पुढचं काम करतात. तशी पाटीही होती भिंतीवर, हातभर लांब, तिच्यावर कुणाची तरी छत्री टांगलेली. त्याने ताबडतोब लाल पेन काढलं, चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि फर्मान काढलं की आधी शेजारच्या डॉक्टर पुष्पांजली मॅडमकडून तपासून आणा, मगच फोटो. आणि त्या लेकराचा हात तसाच लोंबलेला!

इराने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तिच्याजवळ जाऊन सांगणार की अगं चुकून निघालं, आत्ता खोडायला लावते, तोवर वच्छलाबाईंनी ताबा घेतला होता. "काऊन बसोलं हो पोरीले असं? सरका, सरका, आडवी होऊ द्या तिले," म्हणत त्यांनी दोन रोग्यांना बाकावरून उठवलं, इराला आडवी केली, पिशवीतून मिठाची पुडी काढून तिच्यावरून तीनदा ओवाळली (दवाखान्यात मीठ घेऊन येतात का हो लोक?) आणि चेहरा पाहूनच तिसरा लागल्याचं ठरवून टाकलं. मग लंगडत बाहेर जाऊन ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, पेपर काय वाचता, आजोबा होऊन राह्यले तुम्ही!" ह्यांनी आत येऊन विचारावं की नाही? छे! ज्या माणसाला दवाखान्याचा वास सहन होत नाही तो पाच मिनिटांत चौकातून किलोभर पेढे घेऊन आला. चित्र तर त्याने पेढेवाल्याच्या दुकानातच ग्रुपवर टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी इराबरोबर आत गेले. मला वाटलं, बाई माणूस आहे, हळूच कानात सांगावं की माझी चूक झाली. पण त्यांना कुठली सवड? पेनचं टोपण काढता काढता सुरू झाल्या. वय किती, लग्नाला किती वर्षं, शेवटची पाळी कोणत्या तारखेला, महिन्याच्या महिन्याला येते का. बाजाराची यादी वाचावी तसा आवाज. मी भिंतीवरच्या बाळांची चित्रं पाहत होते आणि धरणी दुभंगावी म्हणून वाट पाहत होते. इरा मात्र सरळ तारखा सांगत होती. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी दिवस राहिले होते? मी घाईने म्हटलं, पहिलीच वेळ आहे हो. त्यांनी मान वर न करता मला सांगितलं, "मी त्यांना विचारलंय."

आणि इरा म्हणाली, "एकदा."

त्या म्हणाल्या, किती आठवडे? ही म्हणाली, दहा. कधी? दोन वर्षं होतील एप्रिलमध्ये. कुठे दाखवलं होतं? अकोल्याला. पिशवी साफ करावी लागली का? हो. नंतर काही त्रास? शरीराला नाही. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि मूत तपासायला छोटी डबी दिली. अर्ध्या मिनिटाचं काम. वन्सं, अर्धं मिनिट! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एक बाळ आलं आणि गेलं, आणि ते मला एका अनोळखी बाईच्या यादीतल्या पाचव्या प्रश्नाने कळलं.

मी खाली बसले ती थेट जमिनीवर. मग तर गोंधळच झाला, मला टेबलावर निजवलं, दंडाला पट्टा आवळला, आणि तिथल्या परिचारिकेने माझ्याही नावाचा कागद काढला. नाव काय, वय किती. एकोणसाठ, म्हटलं. ती कागदावरचं बोट खाली सरकवत आली आणि निर्विकार तोंडाने विचारती झाली, "काकू, तुम्हाले दिवस असायचा चान्स हाय का? रागावू नका, कागदावर हाय म्हून इचारते."

"नाही!" मी म्हटलं. वन्सं, ‘आहे का?’ला ‘नाही’ म्हणण्याची ती माझी सदतीस वर्षांतली पहिली वेळ, आणि तो शब्द जो निघाला तो दार फोडून बाहेर गेला. बाहेर एक्स-रेच्या रांगेत हे पेढे वाटत होते. माझ्या तोंडून असलं ‘नाही’ ह्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. ह्यांना वाटलं मीच गेले. खोका हातातून पडला आणि पेढे घरंगळत एक्स-रेवाल्याच्या मशीनखाली गेले. (वच्छलाबाईंनी दोन फुंकून खाल्ले.) त्यानंतर तपासणीचा निकाल आला की दिवस नाहीत, मग फोटो निघाला, मनगटाचं हाड मोडलेलं निघालं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. गाडीत हे पुढे बसून रिकामा खोका मांडीवर धरून होते. एवढी बडबड करणारा माणूस, पण त्यांना मागे वळून सुनेकडे बघवत नव्हतं.

घरी आल्यावर संध्याकाळी मी तिची वेणी घालायला बसले, कारण एका हाताने कशी घालणार? ती पाठमोरी होती म्हणून बोलली असेल. मीही तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारू शकले. म्हटलं, मला का गं सांगितलं नाहीस? मी काय परकी? ती मग म्हणाली, "आई, आधी मला बरं वाटायचं तुम्ही विचारत नाही ते. नंतर वाटायला लागलं, विचारलं असतं तर रडता तरी आलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आपल्या घरात नसलेल्यालाही आहे म्हणतात. मग जे होतं आणि गेलं, ते कोणत्या तोंडाने सांगू?" वन्सं, माझे हात तिच्या केसांत तसेच राहिले.

मग मला एकेक आठवायला लागलं. त्या एप्रिलात ती ट्रेनिंग आहे म्हणून आठ दिवस अकोल्याला गेली होती. ते ट्रेनिंग नव्हतंच, माहेरी होती. आल्हादला ठाऊक होतं. (त्याला मी फोनवर सोलून काढलं. तो एवढंच म्हणाला की तिने शपथ घातली होती.) परत आली ती फिक्कट, पायरीवर धाप लागलेली, आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, शहरातलं पाणी बाधलं. आणि दुसऱ्याच दिवशी तिला कुरडयांचा चीक घोटायला बसवलं. अकरा किलो गव्हाचा चीक, वन्सं. चुलीपुढे दीड तास. ती घोटत होती आणि मी वरून सांगत होते, हात थांबवू नकोस, गाठी होतील. मी हे तिला बोलून दाखवलं आणि मला रडू आवरेना. तर ती पाठमोरीच म्हणाली, "पण त्या वर्षीच्या कुरडया फार छान झाल्या होत्या, आई." आणि मग आम्ही दोघी हसलो की रडलो ते मला सांगता येत नाही. हे बाहेरून विचारत होते, काय झालं, दुखतंय का तिला? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, हो, दुखतंय.

तेव्हा झालं हे असं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं की कळवा, मी येऊन राहीन आणि मेथीचं पाणी मीच देईन.

तुमची धाकटी भावजय,
पद्मजा

ता. क. येत्या गुरुवारी चोरओटी घेऊन निघू नका. हिरवी साडी घेतली असेल तर तुम्हीच नेसा, तुमच्या रंगाला खुलते. ज्या बायकांना बरोबर आणणार होतात त्यांना काय कारण सांगायचं ते सांगा, पण इराचं नाव मध्ये नको.

आणखी एक. हे अजून ग्रुपवर खरं लिहायला धजावत नाहीत. काल खूप वेळ फोन घेऊन बसले आणि शेवटी टाकलं, ‘तांत्रिक कारणास्तव शुभवार्ता पुढे ढकलण्यात आली आहे.’ त्यावर बावीस जणांनी हात जोडलेत आणि एकाने ‘अभिनंदन’ लिहिलंय. त्या माणसाला चाळीस वर्षं शाळेत निबंध शिकवायला ठेवला होता, काय बोलायचं!

आणि आता खरं ते लिहिते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. वन्सं, गुरुवारी ओटी नका आणू, पण तुम्ही या. रिकाम्या हाताने या. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते तेव्हा तुम्ही सातव्या महिन्यात इथे बाळंतपणाला आला होतात. माजघरामागच्या खोलीत तुम्ही पाच दिवस निजून होतात, आणि आईंनी गावात सांगितलं की बेबीला हिवताप झालाय. मला बजावलं होतं की तिच्यापुढे विषय काढायचा नाही. मी रोज तुमचं दूध घेऊन यायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून असायचात. मी विचारायची, पांघरूण देऊ का? एवढंच विचारायची आणि पेला ठेवून निघून जायची. सहा दिवसांनी तुम्ही मलकापूरला गेलात, आणि आजतागायत कुणी विचारलं तर तुम्ही म्हणता, दीपक एकटाच. मला सगळं ठाऊक होतं. मी कधी विचारलं नाही, आणि त्यालाही मी चांगुलपणाच समजत आले. इराशी तुम्ही बोललात तर बरं होईल, तिला कळेल की या घरात ती एकटी नाही. तिच्याशी बोलवत नसेल तर माझ्याशी बोला, आणि तेही नको असेल तर नुसत्या येऊन बसा. पण सदतीस वर्षं उशीर करून का होईना, मी विचारते. वन्सं, तुमचं ते बाळ मुलगा होता, की मुलगी?